चांदीचे डोळे

“नवस ज्याच्यासाठी बोललीस, त्याला बरोबर घेऊनच फेडायचा. वाहायचं ते त्याच्या हातानं. एकटीनं जाऊन मोकळं व्हायचं नाही.”

सासूबाईंचं हे बोलणं आसावरीताईंना म्युझियमच्या दारात आठवलं, कारण सिक्युरिटीवाल्या बाईनं त्यांच्या पर्समधून नेमकी तीच डबी बाहेर काढली होती. डबी कुंकवाची, पण आत कुंकू नव्हतं. कापसावर चांदीचे दोन डोळे होते, बदामाएवढे.

“व्हॉट आर दीज?”

“इअरिंग्ज,” आसावरीताई म्हणाल्या.

“सो प्रिटी,” म्हणून बाईनं डबी परत दिली.

शुक्रवार, त्यात उपास, आणि तोंडून खोटं. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. मागे गिरीशराव ट्रेमधल्या किल्ल्या उचलत होते. त्यांनी ऐकलं होतं, पण बायकोच्या दागिन्यांबद्दल ते कधी काही विचारत नसत.

रोमन दालनात गिरीशराव एकेक पाटी पूर्ण वाचत पुढे सरकत होते. उभी हयात हार्टच्या पेशंटचे रिपोर्ट वाचलेले, रिटायर झाल्यावर भिंतीवरच्या पाट्यांची पाळी. बादशहांची संगमरवरी डोकी ओळीनं मांडली होती.

“सगळ्यांची नाकं गेलीत बघ. एखादा बरा ई.एन.टी. हवा होता यांच्याकडे.”

आसावरीताई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. समोरच्या अरुंद कपाटात मातीचं एक पाऊल होतं, एक कान होता, मनगटापर्यंतचा हात होता. आणि खाली, ब्राँझच्या पातळ पत्र्यात ठोकून काढलेले दोन डोळे.

त्यांना पाटी वाचावी लागली नाही.

“हे काय, मेडिकल कॉलेजची मॉडेल्स?” म्हणत गिरीशराव वाकले आणि वाचू लागले. “देवळाच्या आवारात सापडले... बऱ्या झालेल्यांनी वाहिलेले...” ते सरळ झाले. “अगं, हे नवसाचे आहेत. रोमन लोक नवस बोलायचे, माहीत होतं तुला?” एखाद्या पेशंटचा दुर्मीळ आजार हाती लागावा तसा त्यांचा चेहरा खुलला होता. शेजारच्या दगडावर चार आद्याक्षरं कोरलेली होती. त्यांचाही अर्थ पाटीवर होता. “‘बोललेला नवस फेडला. खुशीनं. फेडायलाच हवा होता म्हणून.’ एवढं सगळं चार अक्षरांत. डॉक्टर नसतील त्यांच्यात.”

“असतील की. त्यांनाही दिलं असेल काहीतरी.”

आसावरीताई काचेजवळ गेल्या. बुबुळं खिळ्यानं टोचून काढलेली, त्यातलं एक जरा तिरकं. वरच्या कडेला टांगायला भोक. कुणी केले असतील? घरी बसून, की देवळाबाहेर तयार मिळत असतील? त्यांचा श्वास काचेवर उमटला आणि विरला.

“अहो, हे बायकोनं एकटीनं वाहिले असतील, की तोही आला असेल बरोबर?”

“तो कोण?”

“ज्याचे डोळे, तो.”

गिरीशराव काहीतरी बोलणार होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग बायकोच्या पर्सकडे.

“तुझ्या त्या इअरिंग्ज दाखव बघू.”

आसावरीताईंनी चेन उघडायला वेळ लावला. गिरीशरावांनी डबी घेतली, उघडून काचेजवळ धरली आणि बराच वेळ आतलं आणि बाहेरचं पाहत राहिले.

“डावा जरा मोठा आहे.”

“मीच सांगितलं होतं सांगलीच्या सोनाराला. डाव्याचाच त्रास होता ना तुम्हाला.”

“विक्रमनं ऑपरेशन केलं तेव्हाचे?”

“आदल्या दिवशी बोलले होते देवीला. डोळ्याचा पडदा परत चिकटेल की नाही, विक्रम नक्की सांगत नव्हता.”

“अगं, चार वर्षं झाली. दर शुक्रवारी तुझ्या त्या मैत्रिणीबरोबर, दीपाबरोबर, जातेस देवळात. आपल्या घरापासून दोन एक्झिट पुढे तर आहे.”

“डबी नेते, तशीच परत आणते. ज्याच्यासाठी बोललो त्यानं बरोबर यायचं असतं. तुमच्या आईंनीच सांगितलं होतं.”

“मग मला विचारायचंस.”

“तुम्ही हसला असता.”

गिरीशरावांनी थोडा विचार केला. “हसलो असतो,” ते म्हणाले. “विक्रमला लगेच भारीतली स्कॉच नेऊन दिली मी. देवीला मात्र ताटकळत ठेवलंस.”

“देवी थांबते हो. मला नाही राहवत. तुम्ही नुसता डोळा चोळलात तरी माझा जीव खालीवर होतो.”

गिरीशराव पुन्हा कपाटाकडे वळले. कपाटावरची पाटी त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. नंतर काचेची भांडी झाली, नाणी झाली, एका बाईची आरशाची मूठ झाली. डबी त्यांनी परत दिली नाही. ती शर्टाच्या खिशात गेली होती, जिथे पूर्वी पेशंटच्या डोळ्यांत बघायचा छोटा टॉर्च असायचा.

परतीच्या वाटेवर ऊन समोरून येत होतं. गाडी चालवणाऱ्या गिरीशरावांनी काचेवरची झडप खाली ओढली. दोन तासांनी घराजवळच्या डब्लिन एक्झिटची हिरवी पाटी आली, जवळ झाली, डोक्यावरून मागे गेली.

“अहो, आपली एक्झिट गेली.”

“दिसली मला,” गिरीशराव म्हणाले.