तीन नंबर

“पुन्हा लाव,” दादा म्हणाले. मिक्सरकडे पाठ करून ते खुर्चीत बसले होते.

मुलीनं तालमीचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पंचेचाळीस वर्षं गिटार वाजवून, जुना बँड फुटल्यावर दादांनी बासष्टाव्या वर्षी हा नवा रॉक बँड काढला होता. ड्रमवाला, बेसवाला नवे घेतले. दुसऱ्या गिटारीवर, नाइलाजानं, जावई. शनिवारी पहिला कार्यक्रम होता आणि दोन गिटारींपैकी एक ठेका चुकत होती. सासरे-जावई दोघं एकच सुरावट वाजवायचे, त्यामुळे एकत्र ऐकताना नुसता चिखल व्हायचा.

कोण चुकतंय ते दादांना ठाऊकच होतं. पण सासऱ्यानं डूख धरला असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी आपला जुना नियम काढला. मुलीनं कुणाला न सांगता प्रत्येकाची वायर वेगळ्या चॅनलला लावायची, मग रेकॉर्डिंगमधला एकेक चॅनल दादांनी पाठमोरं ऐकायचा, आणि जो नंबर लंगडेल तो बाहेर. जुन्या बँडमधून तिघं असेच गेले होते, त्यात एक सख्खा भाऊ. मुलगी म्हणाली होती, राहू द्या ना बाबा, कशाला हात दाखवून अवलक्षण. ऐकतील तर ते दादा कसले.

तीन वाजलं. मग चार.

“चार ठीक. तीनवाल्याची बोटं मेलीत. शनिवारी तीन नको.”

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं.

“तीन मीच, बाबा,” जावई म्हणाला आणि गिटार पेटीत ठेवू लागला.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ हे दादांनी जिभेवर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं. तरी त्यांना बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

आज वायरी मी गुंडाळते, असं मुलगी म्हणाली. दादांनी उडवून लावलं. लोक वायरींना पीळ पाडतात, म्हणून ते कुणाला हात लावू देत नसत. ती नवऱ्याला खाली सोडायला गेली, बाकीचेही गेले.

गुंडाळण्याआधी वायर टोकापर्यंत मोकळी करायची, हा दादांचा शिरस्ता. तीनच्या पिनेपासून ते गुडघ्यांवर सरकत निघाले. ड्रमच्या मागून, सतरंजीखालून, जावयाच्या रिकाम्या स्टुलावरून पुढे. वायर खुद्द दादांच्याच ॲम्पला जाऊन संपली.

आपली बोटं त्यांनी एकदा उघडमीट करून पाहिली.

जिन्यावर पावलं वाजली तसे ते धडपडत उठले. तीन आणि चारच्या पिना उपटून त्यांनी एकमेकींच्या जागी खोचल्या. मुलगी आत आली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, “गुंडाळ गं वायरी. तीनमध्ये जावयाची आहे, ती आधी काढ.”