उभं राहून मतदान

कॉफीच्या रिकाम्या डब्यातली शेवटची चिठ्ठी ड्वेननं उलगडली आणि घसा खाकरला. "बाजूनं दोन, विरुद्ध तीन. ठराव नामंजूर."

मार्लिस तोलेफसनचा कानांवर विश्वास बसेना. चर्चच्या तळघरात पाचच माणसं बसली होती. रिपब्लिकन पक्षाची काउंटी समिती म्हणजे हीच पाच, आणि तिचा हिशेब पक्का होता. ती स्वतः, तिची म्हातारी आई आर्डिस आणि अध्यक्ष ड्वेन ठरावाच्या बाजूनं. विरुद्ध रूबेन कान्तू आणि लेरॉय. लेरॉयचं बीटचं शेत मेक्सिकोहून आलेल्या मजुरांच्या जिवावर चालायचं, त्यामुळे त्याच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती.

मग तिसरं मत कुणाचं?

ठराव साधा होता. राज्याच्या विधानसभेसाठी ज्याला पक्षाचं तिकीट हवं, त्यानं आपण अमेरिकेचे नागरिक असल्याचा पुरावा समितीपुढे ठेवावा. तिकीट दोघांनाच हवं होतं, मार्लिसला आणि रूबेनला. ठरावाचा रोख कुणावर आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मेक्सिकन वळणाच्या आडनावाच्या रूबेनचं गावात गॅरेज होतं, माणूस गोडबोल्या होता, आणि लोक त्याच्याकडे वळत होते. मार्लिसनं मात्र पक्षासाठी उभी हयात घालवली होती. बर्फात पाट्या रोवल्या, दुसऱ्यांच्या सभांना कॉफी वाटली, खुर्च्या उचलल्या. ही खेप हुकली तर पुढच्या खेपेला तिला कोण विचारणार? कॅनडाची हद्द गावाला इतकी जवळ, तरी बैठकीत हद्द म्हटलं की ती मेक्सिकोचीच, आणि त्या हद्दीवर मार्लिसइतकं तावातावानं कुणी बोलत नसे. तिनं जन्मात पासपोर्ट काढला नव्हता. देवानं एवढा मोठा देश दिलाय, बाहेर जायचं कशाला, असं ती अभिमानानं सांगे.

"ड्वेन फुटला," गाडीत बसताच ती म्हणाली. "त्याचा ट्रक सारखा रूबेनच्या गॅरेजात असतो. परवा दोघं टाळ्या देत हसत होते."

"ट्रक बिघडला असेल गं," आर्डिस म्हणाली.

"इतक्यांदा?"

"जाऊ दे ना तो ठराव, मार्लिस. ठरावाशिवायही तिकीट तुलाच मिळेल."

"आई, तू फार भोळी आहेस. लोक तोंडावर एक बोलतात आणि चिठ्ठीवर दुसरंच लिहितात."

आर्डिसनं हातमोजे चढवले. मार्लिसला तिची दया आली. आयुष्यभर चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाईला हे डावपेच कुठून कळणार!

दुसऱ्या दिवशी मार्लिसनं ड्वेनला धान्याच्या कोठाराशी गाठलं.

"किती दिलं रूबेननं?"

ड्वेनचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या वडिलांची शवपेटी या खांद्यावरून नेलीय मी. मला विकाऊ म्हणतेस?"

"मग उघड मतदान घे. उभं राहून. कळू दे कोण कुठे आहे ते."

"घेतो," ड्वेन म्हणाला. "पण मग माझी माफी मागायची. सगळ्यांसमोर."

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पाचही जण पुन्हा तळघरात जमले. टेबलावर बटाटे आणि खिम्याचा भाजलेला हॉटडिश होता, पण कुणी चमच्याला हात लावला नाही. जो तो दुसऱ्याकडे चोरून बघत होता.

"मार्लिस," रूबेन म्हणाला, "तुझी माणसं नॉर्वेत मासे खारवत होती, तेव्हा माझ्या आज्याचा बाप टेक्सासात जन्मला. सांगून ठेवतोय."

"मग पुरावा द्यायला घाबरतोस कशाला?"

"घाबरत नाही. राग येतो. लेरॉयला कुणी विचारलं का कधी?"

"मला मध्ये ओढू नका," लेरॉय पुटपुटला.

ड्वेननं टेबलावर टकटक केलं. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं."

मार्लिस ताडकन उठली. ड्वेन उठला आणि तिच्याकडे रोखून बघत राहिला. तिनं नजर चुकवली. तेवढ्यात रूबेननं खुर्ची मागं सारली.

"घे. उद्याच पुरावा आणतो. तुझं समाधान होऊन जाऊ दे."

आता लेरॉय एकटा पडला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मजुरांचा वकील हे नाव गावात कुणाला लावून घ्यायचंय? तोही कुरकुरत उभा राहिला.

मार्लिसला हसू फुटलं. बंद चिठ्ठीतली सगळी मर्दुमकी उजेडात विरघळली होती! मग तिचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं.

"आई, गुडघे धरले का? दे हात."

"गुडघ्यांना काही झालं नाही," आर्डिस म्हणाली.

"मग ऊठ की."

आर्डिस बसूनच राहिली. मार्लिसचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

"ते तिसरं मत तुझं होतं?"

"हो."

"चार विरुद्ध एक," ड्वेन खालच्या आवाजात म्हणाला. "ठराव मंजूर. दोन्ही उमेदवारांनी पुढच्या बैठकीत पुरावा आणावा."

पण मार्लिस ऐकतच नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. "आठवडाभर मी ड्वेनच्या मागे लागले, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस? माझं सगळं आयुष्य या तिकिटात आहे, आणि तू त्या रूबेनसाठी?"

"रूबेनसाठी नाही गं," आर्डिस म्हणाली. मग तिनं लेकीचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुला मी जन्म दिलेला नाही, मार्लिस. कॅनडातल्या विनिपेगच्या अनाथालयातून तान्ह्या तुला दुपट्यात गुंडाळून आम्ही हद्द ओलांडली, तेव्हा कुणी काही विचारलं नाही, आणि तुला इथली नागरिक करून घ्यायचं आमच्याकडून राहूनच गेलं."