चपलेतला खिळा

डॉक्टरांनी दौलतरावांच्या चपलेतून वर आलेला खिळा दाखवला. तळव्याच्या जुन्या जखमेत रोज तोच घुसत होता.

"दादा, इतके दिवस पता नाही चाललं?"

"दुखतच नाही, डॉक्टरसाब. मला वाटलं, ठीक होतेय."

"शुगरमध्ये नसा मरतात. दुखलं तर माणूस पाय जपतो. दुखणं थांबलं, की घाबरायचं."

शेजारी त्यांची बायको गयाबाई ऐकत होत्या.

परतताना रिक्षा बंद पडलेल्या कापड मिलसमोरून गेली. भंगारवाले ट्रकमध्ये माग भरत होते. टाळं लागलं, तेव्हा याच फाटकाला डोकं टेकून दौलतराव रडले होते.

"अहो, तुमच्या खात्यातले माग," गयाबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी नुसतं पाहिलं. "जाऊ देत. आता काही वाटत नाही."

गयाबाई घाबरल्या.