लहानूची ट्यूबची थैली

थैलीची गाठ बोटांना दाद देईना, म्हणून लहानूने तिला दात लावले.

"राहिलेले दातबी जातीन, बाबा," गोपिका म्हणाली. लहानूच्या या लेकीच्या मांडीवर तिची तान्ही पोर झोपली होती.

"जाऊ दे गेले तं. पानी नाही ना गेलं अंदर!"

नागपूरच्या अंबाझरी तलावावर लहानू नाव चालवी. ट्रकच्या फाटक्या ट्यूबची थैली करावी, सांध्यांवर पंक्चरचं सोल्युशन फासावं, आणि नावेत बसणाऱ्यांची पाकिटं, घड्याळं, ट्रान्झिस्टर तिच्यात बांधावेत, ही विद्या त्याचीच. त्या थैलीबद्दलच्या त्याच्या थापा तलावापेक्षा खोल. धरमपेठेतल्या कोण्या वकिलाचं चावीचं घड्याळ म्हणे थैलीसकट तळाशी गेलं. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर सापडलं, तर चालूच. उलट दोन मिनिटं पुढं! मासोळ्या थैलीत डोकावल्या आणि आत थेंबभर पाणी नाही हे पाहून जीव घेऊन पळाल्या. लोक हसत. पण काठावर उतरल्यावर ज्याची त्याची वस्तू कोरडीच निघे.

त्याची बायको मनकर्णा पावसाळ्यात तापाने गेली. गोपिका तेव्हा भंडाऱ्याला, सासरी, ओली बाळंतीण. सवा महिना उंबरा ओलांडायचा नाही. आईचं तोंडदेखील तिला पाहता आलं नाही. दिराच्या हाती तिने तेवढा निरोप धाडला होता: "मायच्या अंगावरचं लुगडं कोनाले देऊ नका. मी येतो तवर जपून ठेवजा."

मनकर्णेच्या अंगावरचं ते शेवटचं लुगडं शेजारच्या अंजनाबाईने टाकायला काढलं होतं. लहानूने ते मागून आणलं. घर तलावाकाठी, कौलं गळकी, भिंतीला हात लावला तर तळवा ओला. त्याने सगळ्यांत चांगली थैली रिकामी करून लुगडं तिच्यात बांधलं. ती उशाशी घेऊन तो निजे, आणि कौलांवर सर वाजली की उठून चाचपे. वकिलाच्या घड्याळाचीसुद्धा त्याने एवढी काळजी वाहिली नव्हती.

आज लेक माहेरी आली, तेव्हा कुठे दातांनी ती गाठ सुटली. जत्रेतला जादूगार कबुतर काढतो तसं त्याने लुगडं बाहेर काढलं आणि झटकून दाखवलं. हिरवं, नऊवारी, खडखडीत कोरडं.

गोपिकेने ते घाईघाईने अंथरलं. पोरीला त्यावर निजवलं. "घे वं पोरी, आजीच्या कुशीत नीज," म्हणाली, आणि स्वतःही वाकली. निऱ्यांत नाक खुपसलं. मग पदर हुंगला. मग काठ. पुन्हा पदर.

लहानू कौतुकाची वाट पाहत उभा होता. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"काहून हुंगून राहिली वं? कुबट वास नाही येनार त्याले. लाव पैज!"

"बाबा, तूनं धुतलं का हे?"

"मंग! साबन लावून दोनदा धुतलं. उघाड पडली तवा उन्हात कडक वाळवलं, मंगच बांधलं. तापातल्या घामानं वलंचिंब होतं ना ते. तसंच कोंडलं असतं तं कुजलं नसतं?"

गोपिकेने पदरातून चेहरा वर काढला नाही.

"तेवढीच तं माय उरली होती, बाबा."