दोन नावांची पाटी

पाटीवर एकच नाव होतं.

ओनुमाबाईंनी पाटी उलटी करून पाहिली. मागं नुसतं लाकूड.

“उस्ताद, दुसरं नाव कुठंय?”

“कसलं दुसरं?”

“कागदावर दोन दिली होती की! नाकात्सु आणि इबा. सिनेमात दोघांचं घर आहे ते.”

तोकुजी सेकिनेनं चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्याशी धरला. होती खरी, दोन. डोळ्यांनी वाचली असतील, पण हातानं पहिलं कोरलं आणि पटाशी खाली ठेवली. हाताला सवयच तशी. ओदावारा गावातल्या अर्ध्या दारांवरच्या पाट्या त्यानंच कोरलेल्या. घर म्हटलं की एक आडनाव. लग्नात एकानं आपलं सोडायचं, देशाचा कायदाच तसा. दारावर दोन आडनावं दिसली तर टपालवाल्याला वाटतं, भाडेकरू ठेवलाय.

ओनुमाबाई सिनेमाचं सामानसुमान बघायच्या. पन्नाशीच्या, बोलायला गोड, कामाला चिवट. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. दोन पुरुषांच्या प्रेमाची मालिका लागायची ना टीव्हीवर, तिचीच पुढची गोष्ट आता सिनेमात. मालिका संपली तेव्हा दोघं भाड्याच्या खोलीत होते. आता घर घेतलंय. पहिल्याच दृश्यात दार आणि पाटी.

“परवा शूटिंग आहे, उस्ताद. दोन नावं, शेजारी शेजारी, सारख्या मापाची.”

“घराला दोन नावं? खानावळ आहे का ती?” म्हातारा गुरगुरला.

आत मित्सुए, त्याची बायको, चहा ओतत होती.

“अकरा वर्षांपूर्वी अगदी हेच म्हणाला होतात,” ती आतूनच म्हणाली. “निदान टोमणा तरी नवा शोधायचा.”

तोकुजीनं चष्मा पुन्हा नाकावर ओढला.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, वातारु, ह्याच दुकानात उभा होता. सोबत एक उंच, किडमिडा पोरगा. आम्ही एकत्र राहणार आहोत बाबा, दाराला पाटी हवी, दोघांची, तुमच्या हातची. तोकुजीनं खानावळीचं ऐकवलं आणि वर म्हणाला, “पाटी मिळणार नाही, आणि परत यायची गरज नाही.” वातारु तडक निघून गेला. तो दुसरा पोरगा मात्र दारात थांबला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि मग गेला. त्याचं नावसुद्धा तोकुजीनं विचारलं नव्हतं.

ओनुमाबाई गेल्यावर तो नवं लाकूड घेऊन बसला. दोन आडनावं शेजारी कोरायची तर मध्ये जागा किती सोडायची, हेच कळेना. जास्त सोडली तर दोघं भांडल्यासारखे दिसायचे. कमी सोडली तर चेंगरल्यासारखे. तीन फळ्या वाया गेल्या. चौथी त्यानं हातभर लांब धरली, डोळे बारीक केले आणि नुसताच “हं” म्हणाला.

ओनुमाबाई न्यायला आल्या, तेव्हा पाटीकडं बघतच राहिल्या.

“खरंच राहतात हो हे दोघं इथं,” त्या म्हणाल्या. “फार मोठं काम केलंत. आभार कसे मानू?”

“आभार आम्हीच मानायचे,” मित्सुए म्हणाली आणि वाटेत खायला गोड पुरणाचे चार बन त्यांच्या हातात कोंबले. मालिकेचे बाराही भाग तिनं नवऱ्याकडं पाठ करून, आवाज बारीक ठेवून पाहिले होते.

बाई गेल्या. तोकुजीनं मांडणीवरची सगळ्यात चांगली, दहा वर्षं वाळवलेली फळी काढली. उजवीकडं ‘सेकिने’ कोरलं. डावी बाजू कोरीच राहिली.

“त्या पोराचं आडनाव काय गं?”

“कुठल्या?”

“सोंग करू नकोस.”

“मला ठाऊक आहे. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं. पण सांगणार नाही.” मित्सुएनं फोन उचलून त्याच्यापुढं ठेवला आणि स्वतःच नंबर लावला. “अकरा वर्षं विचारलं नाहीत ना? आता तिथंच विचारा.”

घंटी वाजायला लागली. तोकुजी मनात घोकत होता. वातारु, मी बोलतोय. तुझ्या त्या माणसाचं नाव काय? वातारु, मी बोलतोय.

फोन उचलला गेला. आवाज वातारुचा नव्हता. घरचा फोन उचलला की कुणीही आधी आडनाव सांगतं, तसं तो माणूस म्हणाला,

“हॅलो, सेकिने आणि हिराओका.”

तोकुजीची घोकलेली ओळ कुठल्या कुठं गेली. तोंडातून बाहेर पडलं ते दुकानाचं वाक्य. लाकूडवाल्याला, गिऱ्हाइकाला, दिवसातून वीस वेळा म्हणायचं ते.

“सेकिने पाटीवाले बोलतोय. नेहमी सांभाळून घेता, आभारी आहोत.”

“अहो!” मित्सुएनं कपाळावर हात मारला. “गिऱ्हाईक आहे का तो?”

पलीकडून हळूच प्रश्न आला, “वातारुचे... बाबा?”

तोकुजीनं हात वर करून बायकोला थांबवलं. उठून सरळ गुडघ्यांवर बसला. समोर कुणी नसताना जमिनीला कपाळ टेकेपर्यंत वाकला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, एकेक शब्द कोरून काढावा तसं.

“नेहमी सांभाळून घेता. आभारी आहोत.”