दोन काचांची खिडकी

आतली काच गोपाळनं चौकटीतून अलगद सोडवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. त्याची बायको पारू झऱ्यावर पाण्याला गेली होती. ती यायच्या आत काम उरकायचं होतं. काच पक्की बसावी म्हणून भोवती भरलेली, आता वाळून गेलेली लांबी त्यानं पटाशीनं खरवडून काढली, चौकटीत उरलेली एकच काच राखेनं घासली, फडक्यानं पुसली आणि मागं सरून बघितलं. रेल्वेचे रूळ स्वच्छ दिसत होते, पार घाटाच्या वळणापर्यंत.

त्याला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. घाटमाथ्यावरच्या अख्ख्या कॅसलरॉक गावात दोन काचांची खिडकी त्याच्या एकट्याच्या घराला होती. रेल्वेत सुतारकाम करत होता तेव्हा एका गोऱ्या साहेबानं त्याला सांगितलं होतं, की आमच्या मुलखात थंडीसाठी एकामागं एक दोन काचा बसवतात, मध्ये बोटभर फट ठेवून. गोपाळनं मोडीत निघालेल्या डब्याच्या काचा मिळवल्या आणि तशी खिडकी केली. लोक हसले. मग पावसाळ्यात घाटाचा वारा घराघरांत शिरला आणि गोपाळच्या कंदिलाची वातसुद्धा हलली नाही, तेव्हा तेच लोक खिडकी बघायला आले. त्या दिवसापासून गडी बोलताना मान जरा वर करूनच बोलायचा.

पण गेल्या दोन पावसाळ्यांत खिडकीनं दगा दिला. लांबीला कुठंतरी चीर जायची, ओल आत शिरायची आणि दोन काचांच्या मधोमध वाफ धरायची. ती आतून पुसता येत नव्हती की बाहेरून पुसता येत नव्हती. गोपाळ काच काढायचा, सुकवायचा, खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून नवी लांबी भरायचा. थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा धुकं. आणि पारूचं टुमणं पुन्हा सुरू व्हायचं, की खिडकी तेवढी नीट करा.

टुमणं कशासाठी आहे ते त्याला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक पोर, फुला, घाटाखाली गोव्यात, कुळे गावी दिलेली. गोव्याची हद्द बंद झाली, आगगाडी अलीकडे कॅसलरॉकलाच थांबायला लागली आणि लेक पलीकडे राहिली. तिकडे पोर्तुगीजांची धरपकड चालू आहे, जावयालाही धरून नेलं, अशी एक बातमी आली. ती खोटी आहे अशी दुसरी आली. खरं काय ते विचारायला जाणार तरी कसं? तेव्हापासून पारू रोज दिवेलागणीला कंदील घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि हाक मारली तरी हलायची नाही. गंज धरलेल्या त्या रुळांवरून फुला चालत येईल अशी आस ही बाई लावून बसली आहे, हे बघून गोपाळचा जीव तुटायचा.

म्हणून आज त्यानं मनावर दगड ठेवून एक काच काढली. एकच काच राहिली, की धुकं धरायला जागाच नाही. वारा येईल तर येऊ दे. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

पारू आली, घागर उतरवली, चुलीकडं बघितलं. दिवेलागण झाली तशी कंदील लावून ती खिडकीशी गेली. गोपाळ मागं उभा राहिला. कौतुकाची वाट बघत होता, दुसरं काय. पारूनं कंदील वर धरला, खाली धरला, थोडी उजवीकडं सरकली. मग दुसरी काच कुठं आहे म्हणून विचारलं. गोपाळनं सगळं समजावून सांगितलं. उजाडलं की आता थेट घाटाचं वळण दिसेल, धुक्याची कटकट कायमची मिटली, असंही सांगितलं.

पारू मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. गाड्या बंद झाल्या त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. गोपाळ गडबडला. अगं, तुला रूळ नीट दिसावेत म्हणूनच केलं, असं काहीबाही बोलत राहिला.

"मी भायेर कवा बघत हुते?" पारू म्हणाली. "भायेर काय हाय? दोन काचा हुत्या तवा कंदिलाच्या उजेडात दोघी दिसायचो वो. म्होरं मी. आन माझ्या मागं एक जरा फिकी, तोंडावर सुरकुती न्हाई. आपली फुलाच की ती."

फुला हुबेहूब आईच्या तोंडवळ्याची, हे तर सगळं गाव म्हणायचं. इतकी वर्षं गोपाळनं त्या खिडकीचं कौतुक ऐकलं, स्वतःही सांगत फिरला. पण रोज संध्याकाळी तिच्यात कोण येऊन उभं राहतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला.

लांबी मळायची, भरायची, ती सुकायची, म्हणजे दोन-तीन दिवस तरी जाणार. भिंतीशी ठेवलेली काच त्यानं उचलली, चौकटीला लावली आणि कडांना दोन्ही हातांनी दाबून धरत एका अंगाला उभा राहिला. काच जड होती. पारू सावकाश उठली. डोळे पुसून तिनं कंदील हातात घेतला आणि काचेसमोर आली. गोपाळचे हात भरून आले.

"आली काय गं?" त्यानं विचारलं.

"आली." पारूनं काचेवरची नजर हलवली नाही. "जरा वर धरा. तिचं कुंकू दिसंना."