चांदीचं बोंडलं

लेकीला पाजायच्या बोंडल्यातल्या दुधात केतकीने भेसळ ओळखणारी काचतार बुडवताच तारेच्या टोकाचा पांढरा उजेड लाल झाला. लाल म्हणजे दुधात साबण, हे आता घरोघरी ठाऊक होतं. भेसळीचंच दूध! ज्या पातेल्यातून ते ओतलं, त्यातलंच वाटीभर दूध लेकीने, रेवाने, सकाळी मिटक्या मारत संपवलं होतं.

"त्या तारेला विचारल्याशिवाय श्वास तरी घेतेस का गं?" सासूबाई म्हणाल्या.

तार धुऊन, पुसून केतकीने ती सरळ पातेल्यात बुडवली. उजेड पांढराच राहिला. पुन्हा बुडवली, तरी पांढराच. म्हणजे दूध चांगलं होतं. जे काही होतं ते बोंडल्यात.

"आई, हे कशाने घासलंत?"

"साबण नाही हो लावला! काळं पडलं होतं, म्हणून रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलं. चांदी रिठ्यानेच उजळते."

रिठ्याचा फेस तारेच्या लेखी साबणच. केतकी डोळे पुसता पुसता हसू लागली.

सासूबाईंनी बोंडलं उचललं, नळाखाली तीनदा खळबळून धुतलं, त्यात नवं दूध ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. "बघ बाई एकदा. मगच पाजते."